आवक न केलेला अर्ज

तेहेतीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, अपहरणं असं बरंच काही हाताखालून गेलं आणि त्यातलं अर्धंअधिक आता विसरायलाही झालं. पण कुणी म्हणालं, ‘साहेब, एखादी लक्षात राहिलेली केस सांगा,’ की मला आधी एक साधा चौकशी अर्जच आठवतो. त्यात गुन्हा दाखल झाला नाही, कुणाला अटक झाली नाही, वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत. तरी ती घटना अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे.

निवृत्तीला सात महिने उरले होते. कल्याण-डोंबिवली पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. एका सोमवारी ठाण्याच्या आयुक्तालयातून टपाल आलं. ठाणे शहरातल्या एका शिक्षणसंस्थेचं पत्र होतं. ही संस्था पदवीनंतर ‘सार्वजनिक धोरण’ या विषयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालवते. निवडलेल्या काही विद्यार्थ्यांना फेलोशिप देते आणि ज्यांना गरज आहे त्यांची फी आणि राहण्याचा खर्चही उचलते. आमच्या हद्दीतल्या, खाडीकाठच्या एका गावातल्या मुलीची त्यात निवड झाली होती. तिच्याविरुद्ध एक निनावी अर्ज आला होता. शुक्रवारपर्यंत चौकशी अहवाल मिळाला नाही तर ती जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला द्यावी लागेल, असं संस्थेने स्पष्ट कळवलं होतं.

निनावी अर्जांचा मला मनापासून तिटकारा आहे. सही करायची हिंमत नाही आणि दुसऱ्याचं वाटोळं मात्र करायचं, अशी ती जात. नियमाप्रमाणे तो दप्तरी दाखल करता आला असता, पण संस्थेचं पत्र सही-शिक्क्याचं होतं आणि अर्जासोबत पुरावाही जोडलेला होता. स्टाफ बंदोबस्तात अडकलेला, म्हणून मी तो माझ्याकडेच ठेवला. मदतीला गोपनीय शाखेचा हवालदार. माणूस कामाला वाघ, फक्त प्रत्येक गोष्टीवर स्वतःचं मत असलेला.

अर्ज एकरेघी वहीच्या कागदावर लिहिला होता. अक्षर मोठं, सावकाश काढलेलं. मजकूर साधारण असा: ‘मेहेरबान साहेब, सेवेशी अर्ज करतो की, आपण जी मुलगी निवडली आहे तिचे घराणे गरीब नाही. त्यांची जमीन आहे. सोबत सातबारा जोडला आहे. कागदावर गरीब म्हटले आहे ते खोटे आहे. तरी चौकशी होऊन योग्य ते करावे. कळावे. एक गावकरी.’ कागदाच्या कोपऱ्यांवर पिवळे डाग होते. हवालदार म्हणाला, वडापाव खाता खाता लिहिलेला दिसतोय. मला ते पटलं. एवढ्या अनुभवाचा माणूस मी, पण पटलं.

मुलीला कागदपत्रं घेऊन ठाण्यात बोलावलं. तेवीस-चोवीस वर्षांची, नीटनेटकी, हातात फाइल. वडील शाळेच्या मुलांची रिक्षा चालवतात. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा होता. त्याची खातरजमा करायला मी तिथे पत्र धाडलं. सातबाऱ्याबद्दल विचारलं तर तिने न अडखळता सांगितलं, की जमीन पणजोबांची, त्यावर चाळीसहून जास्त वारसांची नावं आहेत, आणि वडील आणि त्यांच्या चुलतभावात कोर्टात दावा चालू आहे. त्या जमिनीतून घरात काहीच येत नाही.

हवालदाराने तिला विचारलं, हे धोरण शिकून तहसीलदार होता येतं का. ती हसली. म्हणाली, “काका, आमच्या गावात नळाला आठवड्यातून तीन दिवस पाणी येतं आणि शेजारच्या गावात रोज. पाइपलाइन तर एकच आहे. हे कोणी ठरवलं, कशावरून ठरवलं आणि वेगळं काही ठरवता आलं असतं का, ते शिकायचंय.” हवालदाराच्या स्वतःच्या सोसायटीत टँकर येत असे. त्याने लगेच तिच्यासाठी चहा मागवला.

मग मी तिच्यापुढे तो अर्ज ठेवला. अक्षर ओळखीचं वाटतं का, कुणावर संशय आहे का, हा नेहमीचा प्रश्न. तिने कागद उचलला आणि बराच वेळ हातात धरून बसली. तिचा अंगठा कागदाच्या कोपऱ्यावरून फिरत होता. मग तिने विचारलं, “सर, हा मूळ अर्ज आहे ना? झेरॉक्स नाही?” मी म्हटलं, मूळच आहे. ती म्हणाली, संशय कुणावरच नाही. चहा तसाच ठेवून ती निघून गेली.

आमच्या धंद्यात संशयाला जागा रिकामी राहत नाही. कोर्टात दावा आहे म्हटल्यावर मी दुपारीच त्या चुलतकाकाला बोलावलं. त्याला मुद्दाम तासभर बाकावर बसवलं. ठाण्यातला बाक हे आमचं जुनं हत्यार. त्यावर बसून माणूस मनातल्या मनात जबाब देऊन मोकळा होतो. मग आत घेऊन सरळ अर्ज टेबलावर टाकला आणि हा तुझाच उद्योग ना, असं दरडावून विचारलं. त्याने तो वाचला, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीतीऐवजी संतापच दिसला.

“सायेब, आमी जमिनीवरनं भांडतो, पोरीवरनं नाय,” तो म्हणाला. “तिची परीक्षा होती ना, आंबिवलीला सेंटर आलेला. तिचा बाप रिक्षेवर. मीच बाइकवर घेऊन गेलेलो. चार तास बाहेर उभा होतो उन्हात. विचारा तिला.”

मी विचारलं नाही. खरं बोलणारा माणूस कसा बोलतो ते इतक्या वर्षांत कळायला लागतं. मी त्याला तेव्हा सॉरी म्हटलं नाही, ते मला आजही टोचतं. फक्त हवालदाराला सांगितलं, यांना गेटपर्यंत सोडून या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुलगी पुन्हा आली. तिने एक अर्ज माझ्यापुढे ठेवला. पांढराशुभ्र कागद, स्वच्छ अक्षर. ‘वैयक्तिक कारणास्तव मी सदर फेलोशिप व अर्थसाहाय्य सोडत आहे. तरी माझ्याबाबतची चौकशी बंद करावी व अर्ज कोणी केला याचा शोध घेऊ नये, ही विनंती.’

मी कारण विचारलं. तिने उलट विचारलं, “सर, कारण लिहायलाच लागतं का?” तिचे डोळे रडून सुजलेले दिसत होते, पण आवाज ठाम होता. मी तिला जायला सांगितलं. आलेले कागद आवक नोंदवहीत चढवणारी कारकून बाई जेवायला गेली होती, म्हणून अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला.

हवालदार म्हणाला, झालं साहेब, दाखला बोगस निघणार, पोरगी आधीच सटकतेय. खरं सांगतो, मलाही तेच वाटलं, आणि वाईटही वाटलं. तिचं ते पाण्याचं बोलणं मला आवडलं होतं. तासाभराने तहसीलचा माणूस लेखी उत्तर घेऊन आला. दाखला शंभर टक्के खरा होता. मग खऱ्या दाखल्याची मुलगी फेलोशिप सोडते कशाला? मी टोपी उचलली आणि गाडी काढायला सांगितली.

गावात शिरताना नाक्यावरच तिचं अभिनंदन दिसलं. भलामोठा फ्लेक्स होता. वर स्थानिक पुढाऱ्यांचे सात फोटो, खाली एका कोपऱ्यात पासपोर्ट साइजची ती, आणि मधे ठळक अक्षरांत ‘गरीब घरातील कन्येची उत्तुंग भरारी’. मी वाचलं आणि पुढे गेलो.

घर दोन खोल्यांचं होतं. वडील रिक्षावर गेलेले. आजोबा बाहेर ओट्यावर बसले होते. डोक्यावर टोपी, अंगाने काटक, तरुणपणी मिठागरावर काम केलेला माणूस. त्यांनी मला हात जोडले, पण नजर दिली नाही. मुलीच्या आईने आत बसवलं, पाणी दिलं. समोर भिंतीवर देव्हारा होता आणि देवीच्या फोटोमागे संस्थेचं निवडपत्र खोचलेलं होतं. त्याच्या चारही कोपऱ्यांना हळद लावलेली. शेजारी भिंतीवर तिची दहावीची गुणपत्रिका होती, लॅमिनेट केलेली. प्लॅस्टिकच्या आत, चार कोपऱ्यांवर, तीच हळद.

मी आईला विचारलं, ही हळद कोण लावतं. त्या हसून म्हणाल्या, “आमचे बाबा. सासरे माझे. घरातून कुठला कागद चांगल्या कामाला बाहेर जायचा असला की हळद लावल्याशिवाय जाऊच देत नाहीत. तिच्या प्रत्येक फॉर्मला लावलीय. एकदा तर लाइटबिलाला पण लावली होती, लाइट जाऊ नये म्हणून.”

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. नको, एवढंच.

माझ्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं. ते वडापावचे डाग नव्हते. तिने ठाण्यात कोपऱ्यावरून अंगठा फिरवला तेव्हाच तिला कळलं होतं. आजोबांचं नाव पोलिसांच्या कागदावर येऊ नये म्हणून ती पोरगी हातातली फेलोशिप सोडायला निघाली होती. वर्दीत होतो, म्हणून पाणी प्यायलो आणि उठलो.

आजोबांना म्हटलं, बाबा, चला, जरा गावदेवीच्या पारावर बसू. ते निमूटपणे आले. मी अर्ज काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी नाकारलं नाही. उलट माझ्याकडे जरा रागानेच बघितलं.

“मंग काय चुकीचा लिवलाय?” ते म्हणाले. “नाक्याव बोर्ड लावलाय, गरीब घरातली. सगला गाव वाचतो. मी इचारला, ह्ये कोनी सांगितला? तर बोलले, तुमचे पोरीचे फारमावच तसा हाय. सायेब, माझे बापाचे घरातना पावना कदी उपाशी नाय गेला. पोरगी निवरली ती तिचे अक्कलेनं निवरली. गरीब हाय म्हनून नाय निवरली.”

मी विचारलं, मग हा अर्ज करून काय होईल असं वाटलं तुम्हाला?

“कागद सुदरंल, आनखी काय? माझे रेशनकार्डाव नाव चुकलेला. तवा पन मी असाच अर्ज केलता, हलद लावून. दुरुस्त झाला. रेशन काय बंद नाय झाला.”

आणि नाव का घातलं नाही? त्यावर ते पहिल्यांदाच जरा ओशाळले. म्हणाले, “पोरगी वरडली असती.”

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. या अर्जामुळे जागा थांबली आहे, शुक्रवारी ती दुसऱ्याला जाईल. तिने स्वतः सोडायचा अर्ज दिला आहे हे मात्र सांगितलं नाही. ते ऐकत राहिले. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि ती उगाच सरळ करत बसले. टोपीकडेच बघत म्हणाले, “म्हंजी मीच पोरीचे वाटंत आरवा परलो.”

मला त्या क्षणी माझा सहावीचा वर्ग आठवला. साताऱ्याकडचं आमचं गाव. महिन्याच्या पहिल्या तारखेला गुरुजी म्हणायचे, फी माफीवाले उभे राहा. आम्ही सहाजण उभे राहायचो आणि वर्ग आमच्याकडे बघायचा. मी नेहमी शेवटी उठायचो आणि आधी बसायचो. ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नव्हती, ती त्या पारावर आजोबांना सांगितली. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि मग थेट मुद्द्याला हात घातला.

“तुमचे बापानं लिवून दिलता, गरीब म्हनून?”

“अंगठा दिला होता, बाबा.”

ते टोपी डोक्यावर घालून उठले. “चला. मी पन देतो. फक्त पोरीला कललां नाय पायजे.”

मी शब्द दिला. पारापासून गाडीपर्यंत येताना लक्षात आलं, की तिकडे नातीने न बोलता हेच मागितलं होतं. दोघांचं गुपित एकच आणि ते दोघांपासून लपवायचं काम माझ्याकडे. असा पेच मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवला नव्हता.

बुधवारी त्यांचा जबाब नोंदवला. हवालदार वाचून दाखवायला लागला तर त्यांनी तो हातातून घेतला. चौथीपर्यंत शिकलेले होते. ओळीखाली बोट ठेवून सगळा वाचला. ‘माझ्या मुलाचे उत्पन्न कमी असून शिक्षणाचा खर्च करण्याची आमची ऐपत नाही’ या ओळीवर बोट थांबलं. मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी पेन मागितलं, सही केली, आणि मग सदऱ्याच्या खिशातून कागदाची एक पुडी काढली. जबाबाच्या चारही कोपऱ्यांना हळद लावली. हवालदार खाली मान घालून स्टेपलर शोधत राहिला. पुढे कितीतरी दिवस त्याने कशावरही मत दिलं नाही.

अहवाल टपालाने पाठवला असता तर शुक्रवार उलटला असता. मी स्वतःच गुरुवारी आजोबांना गाडीत घालून ठाण्याला संस्थेत गेलो. संस्थेच्या संचालिका मॅडमनी सगळं वाचलं, दाखल्याची खातरजमा बघितली. आजोबांनी बसायचंही नाकारलं. उभ्यानेच हात जोडून म्हणाले, “बाय, तिला थांबवू नका. गरीब लिवा, काय लिवाचा ते लिवा.”

त्या मॅडम फार शहाण्या निघाल्या. त्यांनी मुलीचा मूळ फॉर्म काढला आणि आजोबांच्या हातात दिला. म्हणाल्या, आजोबा, यात कुठे गरीब लिहिलंय ते मला दाखवा. आजोबा वाचायला लागले. बोट ठेवून, पहिल्या ओळीपासून, चार पानं. आम्ही थांबलो. ‘कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न’ होतं, ‘अर्थसाहाय्याची आवश्यकता’ होती, गरीब हा शब्द नव्हता. मग मॅडमनी सांगितलं, की निवड लेखी परीक्षा आणि मुलाखतीवर झाली आहे. दाखला त्यानंतर बघतात, तोही फक्त फी कोणी भरायची हे ठरवायला. “म्हणजे तुमचंच खरं आहे. ती तिच्या अकलेनं निवडली गेली.”

आजोबांनी चष्मा काढून पुसला. “मंग बोर्डाव कोनी लिवला?” त्यांनी विचारलं.

मुलीची जागा कायम राहिली. मी तिला फोन करून एवढंच सांगितलं, की अर्ज करणाऱ्याचा गैरसमज झाला होता, तो दूर झाला, तू सोमवारी हजर हो. तिने नाव विचारलं नाही. फक्त म्हणाली, “थँक यू, सर.”

सोमवारीच हवालदार बातमी घेऊन आला. नाक्यावरच्या फ्लेक्सला अज्ञात इसमाने कोयत्याने चौकोनी भोक पाडलं होतं. नेमका एकच शब्द गायब होता. आता तिथे ‘घरातील कन्येची उत्तुंग भरारी’ एवढंच उरलं होतं. तक्रार घ्यायची का, त्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं. मी म्हटलं, तक्रारदार आला की बघू. कुणी आलं नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, तर माझीच एक चूक दाखवली. नोकरीभर मी अर्ज वाचताना ‘हा कुणी केला’ हेच शोधत आलो. ‘हा काय मागतोय’ हे नीट वाचलंच नाही. त्या अर्जात मुलीची फेलोशिप बंद करा असं कुठेही म्हटलं नव्हतं. तिचं वाईट व्हावं असा एक शब्द नव्हता. ते मला पहिल्या दिवशी दिसलं असतं, तर तो काका उगाच तासभर बाकावर बसला नसता. पुढे एकदा तो बाजारात भेटला, तेव्हा मी त्याला सॉरी म्हटलं. त्याने हसून सोडून दिलं. दुसरं म्हणजे, मदत घेणाऱ्याला मदतीपेक्षा तिचा गाजावाजा जास्त जड जातो. हे मला सहावीतच कळायला हवं होतं. बहुधा कळलंही होतं, पण वर्दी चढली आणि मी ते विसरून गेलो.

निवृत्तीनंतर दीड-एक वर्षाने ती डोंबिवलीच्या माझ्या घरी पेढे घेऊन आली. अभ्यासक्रम पुरा झाला होता. खडवलीच्या बाजूच्या पाड्यांमध्ये फिरून तिने शिष्यवृत्त्यांवरच प्रबंध लिहिला होता, आणि लाभ मिळालेल्या मुलांची नावं आणि परिस्थिती अशी चव्हाट्यावर मांडू नये, हे त्यात ठासून सांगितलं होतं. प्रत मला द्यायला आणली होती. मी आधी कोपरे बघितले. पिवळे होते.

चहा झाल्यावर तिने हळूच विचारलं, “सर, माझा तो अर्ज? फेलोशिप सोडायचा? त्याचं काय केलंत?”

मी उठलो आणि कपाटातून तो काढून आणला. माझ्या बक्षिसांच्या प्रमाणपत्रांच्या फाइलमध्येच ठेवला होता. तेहेतीस वर्षांत हातात आलेला प्रत्येक कागद मी आवक केला, हा एवढाच केला नाही. तो ड्रॉवरमधून थेट माझ्या बॅगेत गेला होता. तिने तो उलटसुलट करून बघितला, अगदी त्या दिवशी ठाण्यात बघितला होता तसा.

“याला हळद नव्हती ना,” मी म्हटलं. “म्हणून पुढे गेला नाही.”

ती हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. माझी बायको बाहेर येऊन माझ्यावरच डोळे वटारून गेली. शांत झाल्यावर मुलगी म्हणाली, की आजोबांना अजून वाटतं, तिला काही माहीत नाही. मी म्हटलं, मला हे कधीतरी लिहायचंय. ती म्हणाली, लिहा सर, आता कळलं तर कळू दे त्यांना, फक्त नावं घालू नका. ते अजून सगळं वाचतात, बोट ठेवून, शेवटच्या ओळीपर्यंत.

म्हणून इथे कुणाचं नाव नाही. पण ते ओळखतील, आणि ओळखलं की माझ्याविरुद्ध एक निनावी अर्ज करतील, याची मला खात्री आहे. बाबा, तुमच्या अर्जाची वाट बघतोय. पाकिटाचे कोपरे बघूनच तो उघडीन, आणि हा मात्र नक्की आवक करीन.